मुलाची हालचाल वेगळी वाटतेय? एमआरआयच्या आधी करायच्या गोष्टी

माझ्याकडे येणारे बहुतेक पालक जाड फाईल घेऊन येतात. आत एमआरआय, दोन-तीन ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचे आलेख), रक्ताचे रिपोर्ट, बदलत गेलेली औषधं, सगळं असतं. नसते ती एकच ओळ: मुलाची ही हालचाल नेमकी कोणत्या प्रकारची आहे. ती कुणी लिहिलेलीच नसते, म्हणून बाकीच्या कागदांवरून काही ठरवता येत नाही.

हालचालींच्या विकारांत आधी हालचालीला नाव द्यायचं, मग कारण शोधायचं, मग उपचार करायचे. बऱ्याचदा हे उलटं होतं. "झटके येतात" म्हटलं की फिटचं औषध सुरू होतं. ते लागू पडलं नाही की एमआरआय होतो. तो नॉर्मल आला की "मोठं झाल्यावर जाईल" असं सांगून घरी पाठवतात. यात मुलाची वर्षं जातात. हा लेख मुख्यतः पालकांसाठी आहे, पण ही मुलं ज्यांच्याकडे सगळ्यात आधी जातात त्या फॅमिली डॉक्टरांनीही तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

## 1. थांबायला वेळ आहे का, ते आधी ठरवा

पुढच्या पायऱ्यांना काही दिवस लागतात. खालीलपैकी काही दिसत असेल तर ते दिवस घालवू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

- मूल अचानक झोकांड्या खाऊ लागलं आहे, विशेषतः सोबत डोकेदुखी आणि सकाळच्या उलट्या असतील तर. मेंदूच्या मागच्या भागातली गाठ अशी समोर येऊ शकते. चुकून गिळलेलं औषधही हेच चित्र उभं करतं.
- डोळे सगळ्या दिशांना सैरभैर नाचतात आणि अंगाला झटके बसतात. अशा मुलात न्यूरोब्लास्टोमा नावाची गाठ शोधावीच लागते.
- तान्हं बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक दचकल्यासारखं करतं, मान पुढे पडते, हात पसरतात आणि हे लागोपाठ होतं. पोटदुखी किंवा दचकणं समजून हे सोडून दिलं जातं, पण हे इन्फंटाइल स्पॅझम असू शकतात. ती फिट आहे आणि तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.
- अंग सतत पिळवटतंय, मुलाला झोपच लागत नाही, ताप आहे, लघवीचा रंग गडद झाला आहे. स्नायू झिजून मूत्रपिंडाला इजा होण्याची ही सुरुवात असू शकते.
- हालचालींसोबत ताप, गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा एका बाजूची ताकद कमी होणं.

एक प्रसंग मात्र घाबरवणारा असला तरी लवकर निस्तरणारा आहे. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडसारखं औषध दिल्यावर काही तासांत मान एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते, पण मूल पूर्ण शुद्धीत असतं. ही औषधाची प्रतिक्रिया आहे. योग्य इंजेक्शन दिल्यावर ती सहसा थोड्याच वेळात ओसरते. जाताना औषधाची बाटली किंवा स्ट्रिप हातात घेऊन जा. ती दाखवली नाही तर याला फिट किंवा धनुर्वात समजून भलतेच उपचार सुरू होतात.

## 2. व्हिडिओ काढा, आणि नीट काढा

डॉक्टरांसमोर मूल शांत बसतं. टिक्स (डोळे मिचकावणं, मान झटकणं असे प्रकार) थांबतात, पाय सरळ पडतो आणि आई-वडील म्हणतात, "घरी असं नसतं हो." म्हणून मला सगळ्यात उपयोगी पडतो तो घरी काढलेला व्हिडिओ. पण दहापैकी आठ व्हिडिओंत फक्त चेहरा असतो, पाठीमागे खिडकीचा उजेड असतो आणि कुणीतरी "कर ना परत, कर ना" म्हणत असतं.

असा काढा:

1. उजेड मुलाच्या समोरून येऊ द्या. अंगावर अर्धी पँट आणि बिनबाह्यांचा शर्ट असावा, पाय अनवाणी. डोक्यापासून टाचेपर्यंत सगळं मूल चौकटीत यायला हवं.
2. आधी काहीही न सांगता दोन मिनिटं मूल नुसतं बसलेलं किंवा खेळत असलेलं टिपा. त्याला कळू न देता टिपता आलं तर फारच छान.
3. मग कामं सांगा: दोन्ही हात समोर ताणून धर, बोटाने नाकाला लाव, एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओत, दोन ओळी लिही, दहापर्यंत मोजून दाखव.
4. चालताना समोरून, मागून आणि बाजूने. नंतर वळताना. जमत असेल तर धावताना, आणि उलट पावली चालताना सुद्धा.
5. मधेच नावाने हाक मारा. हाकेने हालचाल थांबते का, डोळे तुमच्याकडे वळतात का, हे व्हिडिओत यायला हवं.
6. हेच चालणं एकदा सकाळी उठल्या उठल्या आणि एकदा संध्याकाळी टिपा. हे सहसा कुणी करत नाही. का करायचं, ते सहाव्या पायरीत येईल.
7. झोपेतलं एक मिनिटही घ्या.

तपासून पाहा: व्हिडिओ आवाज बंद करून एकदा बघा. हालचाल शरीराच्या कोणत्या भागातून सुरू होते ते अनोळखी माणसालाही कळत असेल तर व्हिडिओ चांगला आहे. तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. तो त्या मुलाचा आहे आणि मोठं झाल्यावर त्याला त्याची लाज वाटायला नको.

## 3. एका पानाची टिपण लिहा

तोंडी सांगताना पालक सगळ्यात भीतीदायक प्रसंगापासून सुरुवात करतात. कागदावर मात्र सुरुवातीपासून लिहा. पहिल्यांदा केव्हा दिसलं, आणि त्याच्या आधी सगळं नीट होतं का? वाढतंय, कमी-जास्त होतंय की तसंच आहे? भूक लागल्यावर, दमल्यावर, उत्साहात, ताण आल्यावर किंवा एकदम उठल्यावर वाढतं का? झोपेत पूर्ण थांबतं का? मुलाला थोडा वेळ रोखून धरता येतं का? गेल्या सहा-आठ महिन्यांत घसा दुखून ताप आला होता का?

त्याखाली जन्माच्या वेळची माहिती लिहा: बाळ लगेच रडलं का, कावीळ किती वाढली होती, मान, बसणं, चालणं केव्हा आलं. घरात कुणाचे हात थरथरतात का, कुणी लहानपणी डोळे मिचकावायचं का, कुणाला यकृताचा आजार होता का, हेही लिहा. आई-वडील एकमेकांचे नातेवाईक असतील तर तेही न संकोचता लिहा.

इथे नेहमी होणारी चूक: औषधांची यादी अर्धी असते. दम्याचं साल्ब्युटामॉल आणि फिटचं व्हॅल्प्रोएट, दोन्हींनी हात थरथरू शकतात. मनोविकारांवरची काही औषधं हालचाली सुरूच करतात. घरगुती काढे आणि "टॉनिक"सुद्धा यादीत हवीत.

## 4. हालचालीला नाव द्या

नाव डॉक्टर देतील. पण तुम्हाला फरक माहीत असला तर तुम्ही योग्य गोष्ट सांगाल, आणि भलतं औषध सुरू होत असेल तर प्रश्न विचाराल.

टिक्स. डोळे मिचकावणं, मान झटकणं, खांदा उडवणं, घसा खाकरणं. हालचाल झटकन होते, साधारण तशीच पुन्हा होते, काही आठवडे एक तर पुढे दुसरी. मोठी मुलं सांगतात, "आतून काहीतरी येतं, केल्याशिवाय बरं वाटत नाही." थोडा वेळ रोखता येतात. बहुतेकदा 4 ते 6 वर्षांच्या सुमारास सुरू होतात, 10 ते 12 या वयात सर्वांत जास्त असतात आणि पुढे अनेकांत कमी होतात. अनेक स्नायूंच्या टिक्स आणि किमान एक आवाजाची टिक वर्षाहून अधिक काळ असेल, आणि सुरुवात 18 वर्षांच्या आधीची असेल, तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. डोळे मिचकावणाऱ्या मुलाला चष्मा आणि घसा खाकरणाऱ्याला ॲलर्जीची औषधं वर्षानुवर्षं दिली जातात, ती या नावापर्यंत कुणी पोचलं नाही म्हणून.

स्टिरिओटिपी. आनंदात पंख फडफडवल्यासारखे हात हलवणं, अंग डोलवणं. सुरुवात बहुधा तीन वर्षांच्या आत होते, पद्धत वर्षानुवर्षं तीच राहते, हाक मारली की थांबते आणि मुलाला त्याचा काहीच त्रास नसतो. ऑटिझम असलेल्या मुलांत दिसते तशी अगदी नेहमीसारख्या वाढणाऱ्या मुलांतही दिसते.

कोरिया. एका भागातून दुसऱ्या भागात वाहत जाणारी, अंदाज न येणारी हालचाल. मूल चुळबुळं झालं, धांदरट झालं, वस्तू हातून पडू लागल्या, अक्षर बिघडलं, असं वर्णन येतं. शाळेत या मुलाला शिक्षा होते, आणि ते मला फार लागतं, कारण त्या मुलाच्या हातात काहीच नसतं.

डिस्टोनिया. स्नायू ओढले जाऊन अंग पिळतं आणि विचित्र ढब येते. पंजा आत वळतो, मान कलते, लिहिताना मनगट मुरडतं. काही करायला गेलं की वाढतं, झोपेत सुटतं. स्पास्टिसिटी म्हणजे स्नायूंचा दुसऱ्या प्रकारचा ताठरपणा; त्यात सांधा जितक्या झपाट्याने हलवाल तितका अडतो, डिस्टोनियात ताठरपणा मुलाच्या अवस्थेप्रमाणे बदलत राहतो. बऱ्याच मुलांत दोन्ही एकत्र असतात, आणि उपचार वेगळे असल्याने हा फरक सोडून चालत नाही.

मायोक्लोनस म्हणजे विजेसारखा क्षणिक झटका. नवजात बाळाला फक्त झोपेत झटके येत असतील आणि जागं केल्यावर लगेच थांबत असतील तर ते बहुधा निरुपद्रवी असतं. कंप म्हणजे लयीत होणारी थरथर. अटॅक्सिया म्हणजे तोल आणि नेम चुकणं: पाय फाकवून चालणं, पेला तोंडापर्यंत नेताना हेलकावणं.

आणखी एक प्रकार आहे. मोठ्या मुलांत, विशेषतः किशोरवयात, हालचाल अचानक सुरू होते आणि लक्ष दुसरीकडे गेलं की बदलते किंवा थांबते. याला फंक्शनल विकार म्हणतात. हे नाटक नाही. "मुद्दाम करतोस" हे वाक्य घरात उच्चारलं की बरं होणं लांबतं. ही मुलं नीट समजावून सांगितल्यावर आणि योग्य फिजिओथेरपीने सुधारतात.

## 5. तपासणीच्या खोलीत काय व्हायला हवं

चांगली तपासणी मूल दारातून आत येतं तेव्हाच सुरू होते. डॉक्टरांनी त्याला अनवाणी चालवलं, लिहायला लावलं, डोळ्यांच्या हालचाली पाहिल्या, व्हिडिओ पाहिले, तर वेळ सत्कारणी लागला समजा.

कोरियाची शंका असेल तेव्हा मी मुलाला जीभ बाहेर काढून तशीच धरायला सांगतो. काही क्षणांतच ती सरकन आत जाते, पुन्हा बाहेर येते. मग माझी दोन बोटं त्याच्या मुठीत देतो आणि "घट्ट धर" म्हणतो. पकड एकसारखी राहत नाही. घट्ट, सैल, घट्ट, सैल, जणू कुणी धार काढतंय. हात डोक्यावर उचलले की तळवे हळूहळू बाहेर वळतात. या सगळ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि कुठल्याही स्कॅनमधून हे दिसत नाही.

निघण्याआधी विचारा: "ही कोणत्या प्रकारची हालचाल वाटते?" उत्तर फाईलवर लिहून घ्या. "अजून नक्की नाही, पुन्हा पाहू" हेही प्रामाणिक उत्तर आहे.

## 6. कारण शोधताना बरं होणारं आधी

कारणांची यादी लांबलचक आहे. माझा नियम असा, की जे आजार दुर्मीळ असले तरी उपचारांनी आटोक्यात येतात, ते आधी तपासायचे.

डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया, म्हणजे लेव्होडोपा या औषधाने सुधारणारा डिस्टोनिया. आठ वर्षांची एक मुलगी "सेरेब्रल पाल्सी" (लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे येणारं अपंगत्व) या शिक्क्याखाली तीन वर्षं फिजिओथेरपी घेत होती. सकाळी माझ्या खोलीत ती जवळपास धावतच आली. मी गोंधळलो. मग आईने आदल्या संध्याकाळचा व्हिडिओ दाखवला. त्यात ती भिंत धरून, उजवा पंजा आत वळवून, चवड्यावर चालत होती. जन्माच्या वेळी काहीही झालेलं नव्हतं आणि एमआरआय नॉर्मल होता. लेव्होडोपाच्या छोट्या मात्रेवर दोन आठवड्यांनी संध्याकाळीही तिची टाच जमिनीला टेकू लागली. कारण न सापडलेल्या प्रत्येक बालवयातल्या डिस्टोनियात लेव्होडोपाचा प्रयोग करायलाच हवा, आणि तो पुरेशी मात्रा देऊन काही आठवडे करायला हवा. चार दिवसांत "फरक नाही" म्हणून बंद केलेला प्रयोग धरता येत नाही.

सिडनहॅम कोरिया. 5 ते 15 वर्षांच्या मुलांत, स्ट्रेप्टोकोकसमुळे झालेल्या घशाच्या संसर्गानंतर काही आठवड्यांनी ते महिन्यांनी. मूल रडवेलं, हट्टी होतं, मग हातपाय भरकटतात. इथे दोन चुका होतात. एएसओ (त्या संसर्गाची खूण दाखवणारी रक्ताची चाचणी) नॉर्मल आला की निदान सोडून देतात, पण कोरिया उशिरा येतो आणि तोवर तो आकडा उतरलेला असू शकतो. दुसरी चूक जास्त महाग पडते: हृदय तपासत नाहीत. छातीत मर्मर (हृदयाचा जादा आवाज) ऐकू आला नाही तरी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचाच. कोरिया काही महिन्यांत ओसरतो, पण पेनिसिलिन पुढे अनेक वर्षं चालू ठेवावं लागतं. ते सुटलं तर पुढच्या संसर्गात हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात.

विल्सन आजार. शरीरात तांबं साठतं. अक्षर बिघडणं, लाळ गळणं, बोलणं अडखळणं, अभ्यासात घसरण. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), 24 तासांच्या लघवीतलं तांबं आणि स्लिट लॅम्पवर (डोळे तपासण्याच्या यंत्रावर) डोळ्यांतली कडी, तिन्ही एकत्र बघायचं, कारण अंगात दाह असताना सेरुलोप्लाझमिन खोटं नॉर्मल दिसू शकतं. निदान झालं तर भावंडांचीही तपासणी करा. उपचार आयुष्यभराचे आहेत.

बी-12 ची कमतरता. फक्त अंगावर पिणारं, फिकट, मलूल बाळ, आलेलं हसणं-बसणं विसरलेलं, हातांना कंप. आईच्याच शरीरात बी-12 कमी असतं, म्हणून उपचार दोघांनाही. इंजेक्शन सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत कंप वाढू शकतो. घाबरून इंजेक्शनं थांबवू नका.

उपाशीपोटी वाढणाऱ्या हालचाली. सकाळी नाश्त्याआधी किंवा खूप खेळल्यावर बिघडणाऱ्या मुलात ग्लुट-1 (मेंदूत साखर पोचवणारं प्रथिन) ची कमतरता असू शकते. पाठीतल्या पाण्यातली साखर कमी निघते. पाणी काढण्याच्या आधी रक्तातली साखर घेतली नसेल तर तो आकडा तोलायला काही उरत नाही. उपचार म्हणजे कीटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट पदार्थ).

एकदम उठल्यावर काही सेकंद वाकडं होणं. घंटा वाजली, मूल उठून धावायला गेलं की एक बाजू पिळते आणि मिनिटाच्या आत सगळं पूर्ववत. मूल शुद्धीत असतं. कार्बामाझेपिन या फिटवरच्या औषधाच्या अगदी छोट्या मात्रेने हे सहसा पूर्ण थांबतं.

## 7. आता चाचण्या

साध्या, ठळक टिक्स असतील आणि बाकी तपासणी व्यवस्थित असेल तर एमआरआयची गरज नसते, ईईजीचीही नाही. लहान मुलाला एमआरआयसाठी गुंगी द्यावी लागते, म्हणून "करून तर टाकू" हे कारण पुरेसं नाही. ईईजी फिटची खरी शंका असेल तेव्हाच करावा, आणि शक्यतो हालचाल होत असतानाचा.

डिस्टोनिया, अटॅक्सिया, एकाच बाजूचा कोरिया किंवा वाढत जाणारा कोणताही विकार असेल तर एमआरआय हवाच. जनुकीय चाचणी शेवटी येते. ती पाठवताना हालचालीचं नाव, सुरुवातीचं वय आणि एमआरआयचा निष्कर्ष लिहून द्या. नुसतं "हालचालींचा विकार" लिहून पाठवलं तर परत येतो तो अर्थ न लागणाऱ्या बदलांचा गठ्ठा.

## 8. उपचार ठरवताना

पहिला प्रश्न: मुलाला त्रास काय होतोय? टिक्स दिसतात पण मूल खेळतं, लिहितं, मित्रांत रमतं, तर औषध न देता लक्ष ठेवणं हा पूर्ण उपचार आहे. सारखं टोकू नका, टोकल्याने टिक्स वाढतात. त्रास असेल तर आधी वर्तनोपचार: आतून येणारी जाणीव ओळखायची आणि त्याच क्षणी टिकच्या आड येणारी दुसरी हालचाल करायची. ते पुरलं नाही तर क्लोनिडीन किंवा ॲरिपिप्राझोलसारखी औषधं. सोबत एकाग्रतेचा अभाव किंवा मंत्रचळ असेल तर पुष्कळदा त्याचाच जाच जास्त असतो, तेव्हा तो आधी हाताळा.

डिस्टोनियात ट्रायहेक्सिफेनिडिल अगदी कमी मात्रेपासून, हळूहळू वाढवत नेतात. घाईने वाढवलं की बद्धकोष्ठता, लघवी अडणं, धूसर दिसणं येतं आणि चांगलं औषध बदनाम होतं. एखादाच भाग ओढला जात असेल तर बोट्युलिनम इंजेक्शन. त्याचा परिणाम साधारण तीन महिने राहतो, आणि त्या काळात व्यायाम केला नाही तर फायदा निम्मा होतो. काही जनुकीय डिस्टोनियांत मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया उत्तम काम करते, पण सेरेब्रल पाल्सीतल्या डिस्टोनियात तिच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

इशारा: बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) एकदम बंद केलं तर फिट, भ्रम आणि तीव्र ताप येऊ शकतो. क्लोनिडीन एकदम बंद केलं तर रक्तदाब उसळतो. प्रवासाला निघताना गोळ्या मोजून घ्या.

एका वेळी एकच औषध बदला. दोन एकत्र बदलली की सुधारलं कशाने आणि बिघडलं कशाने, हे कुणालाच सांगता येत नाही. डिस्टोनिया अचानक वाढला तर मात्रा वाढवण्याआधी मुलाला कुठे दुखतंय ते शोधा: दात, कान, बद्धकोष्ठता, निखळलेला खुबा. ज्याला बोलून सांगता येत नाही, ते मूल दुखणं असंच दाखवतं.

## 9. तोच व्हिडिओ पुन्हा काढा

दर सहा महिन्यांनी दुसऱ्या पायरीतली तीच कामं, शक्य तर त्याच खोलीत, पुन्हा टिपा आणि दोन्ही व्हिडिओ लागोपाठ बघा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना सावकाश होणारा बदल दिसत नाही, सुधारणाही नाही आणि घसरणही नाही. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नाही. वाढत्या वयात सांधे आखडतात, पण आलेली कौशल्यं एकेक करून गळत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी पाणी न सांडता ओतणारं मूल या वर्षी पेलाच धरू शकत नसेल, तर दोन्ही व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे जा आणि निदान चौथ्या पायरीपासून पुन्हा करायला सांगा.